ओंगारमधली ऑक्टोबर क्रांती

उपेंद्र सरपोतदार मनाने कम्युनिस्ट होता. तनाने तो डब्लिनच्या सिटीवेस्टमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता, आणि धनाने म्हणाल तर ओंगारमधलं तीन बेडरूमचं घर, शिवाय बल्गेरियात समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर बुक केलेला एक फ्लॅट. त्या काळात, म्हणजे २००७ साली, आयर्लंडमध्ये ज्याचा बल्गेरियात फ्लॅट नाही त्याची तब्येत लोक काळजीने विचारत. उपेंद्रने मात्र तो फ्लॅट इतरांसारखा हावरटपणाने घेतला नव्हता. एकेकाळच्या समाजवादी भूमीत आपलीही एक खिडकी असावी, अशी त्यामागे वैचारिक भूमिका होती. भूमिका असली की माणसाला काहीही घेता येतं.

कॉलेजात असताना त्याने पुण्यात एका मोर्च्यात अलका चौकापर्यंत बॅनरची काठी धरली होती. डावी काठी. सांगताना 'डावी' या शब्दावर तो जरा थांबत असे. अलका चौकात त्याला चहाची तल्लफ आली आणि मोर्चा पुढे गेला. तरी त्या काठीचा घट्टा जणू अजून तळहातावर असावा अशा थाटात तो घरी आलेल्या प्रत्येकाला रशियन क्रांती समजावून सांगायचा. बायको रोहिणी अशा वेळी आतल्या खोलीत जाऊन इस्त्री करायची. त्यांच्या घरात इस्त्री न केलेला कपडा औषधालाही सापडत नसे.

ठिणगी पडली ती गणपतीत. एनिस गावाहून आलेल्या डॉक्टर हरीशने तोंडात मोदक असतानाच जाहीर केलं, "मला हे सगळे रशियन पुढारी चेहऱ्याच्या केसांवरून ओळखू येतात. छोटी दाढी म्हणजे लेनिन, दाढी अधिक चष्मा म्हणजे ट्रॉट्स्की, नुसत्या मिशा म्हणजे स्टॅलिन. बाकी मला तरी काही फरक दिसत नाही."

सगळे हसले. सगळ्यांचं उपेंद्रने सोसलं असतं, पण रोहिणीही हसली. तेही इतकं मनापासून, की तिला पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी एम-फिफ्टी हायवेवर खोदकामामुळे तुंबलेल्या गाड्यांच्या रांगेत उपेंद्रने प्रतिज्ञा केली. (जगातल्या बऱ्याच प्रतिज्ञा माणूस हलू शकत नसताना होतात, हा एक अभ्यासाचा विषय आहे.) नोव्हेंबरच्या सात तारखेला क्रांतीला नव्वद वर्षं होत होती. त्या दिवशी ओंगारमध्ये जाहीर व्याख्यान होणार. विषय: रशियन क्रांतीचे शिल्पकार, त्यांचे विचार आणि त्यांचा वारसा. वक्ता: स्वतः.

"सात तारखेला धनत्रयोदशी आहे," रोहिणी म्हणाली.

"असू दे ना."

"धनाची पूजा करायच्या दिवशी तू धनिकांची सत्ता उलथवणार. धने-गूळ ठेवून जा म्हणजे झालं. आणि काय रे, क्रांती ऑक्टोबरमधली ना? मग नोव्हेंबरमध्ये का?"

"त्यांचं जुनं कॅलेंडर मागे होतं."

"अधिक महिना धरला असता तर जमलं असतं त्यांचं," रोहिणी म्हणाली आणि इस्त्रीचं बटण दाबलं.

शेजारच्या डेक्लनचा सल्ला न घेता ओंगारमध्ये कुणी गवतही कापत नसे. डेक्लन धंद्याने इलेक्ट्रिशियन, आणि बल्गेरियातल्या फ्लॅटचा मूळ उपदेशकही तोच. कुंपणावर कोपर टेकून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"नावात 'क्रांती' घालू नकोस," तो म्हणाला. "आमच्याकडे एक झाली होती. तिच्यात कोण कुठल्या बाजूला होता यावरून माझे दोन काका अजून एकमेकांशी बोलत नाहीत. खायला काय आहे?"

"हे व्याख्यान आहे, डेक्लन."

"म्हणजे खायला काही नाही. मग युवर मॅन लेनिन स्वतः आला तरी कुणी येणार नाही."

मराठी मंडळाच्या वासंतीताईंचंही मत फार वेगळं नव्हतं. मंडळाचं सहकार्य आहेच, त्या म्हणाल्या, फक्त उत्तरार्धात अंताक्षरी ठेवावी. पूर्वार्धही छोटाच ठेवावा. खरं तर पूर्वार्ध नसला तरी चालेल. तेव्हापासून उपेंद्र मराठी मध्यमवर्गाच्या वैचारिक दिवाळखोरीबद्दल जेवताना बोलू लागला आणि अश्लेषा, त्याची नऊ वर्षांची मुलगी, ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊ लागली.

आता हॉल. परिसरात परवडणारा हॉल एकच, तो चर्चचा. ज्याने धर्माला अफू म्हटलं त्याच्या अनुयायांचा उत्सव चर्चच्या हॉलमध्ये करणं उपेंद्रला जरा जड गेलं, पण शत्रूची साधनं वापरणं ही जुनी रणनीती आहे असं त्याने मनाला समजावलं. शिवाय पार्किंग होतं.

हॉलचा कारभार मिसेस गेरटी नावाच्या बाई बघत. कार्डिगन घातलेल्या, हसतमुख, आणि साऱ्या राज्ययंत्रणेचा चिवटपणा अंगी असलेल्या.

"धार्मिक कार्यक्रम आहे का?" त्यांनी विचारलं.

"उलट," उपेंद्र म्हणाला.

"राजकीय? राजकीय कार्यक्रमाला फादर हॉल देत नाहीत. मागे एका उमेदवाराने खुर्च्या मोडल्या."

उपेंद्र क्षणभर घुटमळला. आपण राजकीय नाही असं म्हणणं हा तत्त्वांचा घात होता. "ऐतिहासिक," तो म्हणाला.

"ग्रँड. मी सांस्कृतिक लिहिते. विमा?"

व्याख्यानालाही विमा लागतो हे उपेंद्रला तेव्हा कळलं. विमा कंपनीतल्या मुलीने फोनवर फार आपुलकीने चौकशी केली. हवा भरलेला उड्या मारायचा किल्ला असणार आहे का? जिवंत प्राणी? फटाके? आग? यातलं काही नाही म्हटल्यावर ती थोडी हिरमुसली. मग तिने विचारलं, "श्रोत्यांना काही इजा होण्याची शक्यता?" उपेंद्र उत्तरला, "वैचारिक." तिने त्याला होल्डवर ठेवलं, आणि तो संगीत ऐकत तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा फोन केला तेव्हा ती रजेवर गेली होती आणि तिच्या जागी आलेल्या मुलाने किल्ल्यापासून सुरुवात केली.

या साऱ्या धबडग्यात उपेंद्रला एका श्रोत्याची मात्र खात्री होती. समोरच्या घरात दानुते राहायची. लिथुएनियाची, पन्नाशीच्या आतबाहेरची, मोजकं बोलणारी बाई. शाळा सुटल्यावर अश्लेषा तिच्याकडे असे. रोहिणी हॉस्पिटलच्या लॅबमधून घरी येईपर्यंत दानुते तिला खाऊ घालायची, गृहपाठ करून घ्यायची आणि विणकामही शिकवायची. सरपोतदारांचे दोन पगार चालू होते ते दानुतेच्या स्वयंपाकघराच्या जिवावर. उपेंद्रला वाटायचं, ही बाई सोव्हिएत वातावरणात वाढलेली. भोवतालच्या या बाजारबुणग्यांत आपल्याला कळेल अशी ही एकच. निमंत्रण द्यायला तो स्वतः गेला.

"तुमच्याच इतिहासाबद्दल बोलणार आहे मी," तो म्हणाला.

"कोणाच्या?" दानुतेने विचारलं.

उपेंद्रला तो प्रश्न विनयाचा वाटला.

सात तारखेला संध्याकाळी धने-गुळाचा नैवेद्य कसाबसा दाखवून, रोहिणीने तळलेल्या बटाटेवड्यांचे डबे आणि प्रोजेक्टर घेऊन कुटुंब हॉलवर पोचलं. पार्किंगमध्ये जागा नव्हती. हॉलच्या दारातून गर्दी बाहेर आली होती. उपेंद्रने गाडीतूनच बोट दाखवलं. "बघ," तो रोहिणीला म्हणाला, "भूक आहे लोकांना. विचारांची."

रोहिणीने दाराजवळची पाटी वाचली. मिसेस गेरटींनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'रशियन नाइट. सर्वांचं स्वागत. खाणंपिणं मोफत.'

पश्चिम डब्लिनमध्ये घरं बांधणारे, ऑफिसं झाडणारे, मश्रूम खुडणारे जे जे म्हणून त्या बाजूच्या देशांतून आले होते, ते सगळे अंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून आले होते. मोल्दोव्हाचे होते, युक्रेनचे होते, लाटव्हियाचे होते, खरेखुरे रशियनही होते. एका बाईने अकॉर्डियन आणलं होतं. मराठी मंडळाचं कुणीच आलं नव्हतं. दाराशी उभा राहून डेक्लन डब्यातून आधीच काढलेले दोन वडे खात होता.

ज्या कामगारवर्गावर उपेंद्रने आयुष्यभर भाषण केलं तो प्रथमच त्याच्या समोर येऊन बसला होता. शहाण्या माणसाने डबे उघडून दिले असते. उपेंद्रने दिवे मालवले.

त्याच्याकडे भरपूर स्लाइड्स होत्या. प्रत्येक स्लाइडवर बुलेट पॉइंट होते. क्रांती म्हटल्यावर बुलेट आल्याच. पहिल्या स्लाइडवर लेनिनचं कपाळ झळकलं तेव्हा हॉलमध्ये एक विचित्र शांतता पसरली. आपण काय पाहतोय हे लोकांना कळत नव्हतं, आणि मग कळलं, असं काहीसं. मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्याने हसलं.

"लेनिनने लोकांना भाकरी, जमीन आणि शांतता देऊ केली," उपेंद्र म्हणाला.

"भाकरी मला इथे मिळाली," मोल्दोव्हाचा एक दांडगा माणूस जागेवरूनच म्हणाला. "मश्रूमच्या शेडमध्ये. शांतता बायको झोपली की."

हशा पिकला. उपेंद्रने हात वर केला. "प्रश्न शेवटी घेऊ."

"संगीत कधी आहे?" अकॉर्डियनवाल्या बाईने विचारलं.

"प्रश्न शेवटी!"

मग त्याने त्याचा लाडका सिद्धांत मांडला. लेनिन थोर होता. ट्रॉट्स्की बुद्धिमान होता. स्टॅलिनने सगळं बिघडवलं. लेनिन आणखी जगला असता किंवा त्याच्यामागून ट्रॉट्स्की आला असता, तर आज जग वेगळं असतं. एखाद्या घरातल्या भाऊबंदकीबद्दल बोलावं इतक्या सहज तो हे सांगत होता. थोरला चांगला होता हो, धाकट्याने वाट लावली.

तिसऱ्या रांगेत दानुते उभी राहिली. अंगावर कोट तसाच होता.

"मला एक विचारायचंय."

"दानुते, प्रश्न शेवटी..."

"मला घरी जायचंय, म्हणून आत्ता विचारते. माझ्या आजीच्या घरावर पत्र्याचं छप्पर होतं. गावात बाकीच्यांचं गवताचं. म्हणून ती शोषक ठरली. एका पहाटे तिला आणि माझ्या आईला गुरांच्या गाडीत घालून सैबेरियात नेलं. आई सात वर्षांची होती. हे तुमच्या कुठल्या स्लाइडमध्ये येतं?"

उपेंद्रला खरोखर आनंद झाला, कारण उत्तर तयार होतं. "तो स्टॅलिनचा काळ. ते पुढच्या स्लाइडमध्ये आहे, 'विकृती' या मथळ्याखाली. पण लेनिनच्या मूळ विचाराशी त्याचा..."

"गाडीत चढवताना कोणाच्या विचाराने चढवतायत ते आजीला सांगितलं नव्हतं."

उपेंद्र म्हणाला, "इतिहासाच्या प्रक्रियेत काही चुका होतात."

दानुतेने त्याच्याकडे नीट बघितलं. चिडून नव्हे. अश्लेषाचं चुकलेलं गणित बघावं तसं. मग ती रांगेतल्या लोकांचे गुडघे सांभाळत बाहेर गेली.

माणसाने थांबावं अशी काही ठिकाणं आयुष्यात असतात. उपेंद्रने पुढची स्लाइड लावली.

ती कुणीच बघितली नाही. एक म्हातारा रशियन उठून म्हणाला की त्याच्या वेळी कारखान्याच्या खर्चाने उन्हाळ्यात समुद्रावर जायला मिळायचं, इथे मालक लघवीलाही विचारून सोडतो. त्यावर युक्रेनची एक बाई उभी राहिली आणि तिच्या गावात उपासमारीच्या एका हिवाळ्यात काय झालं होतं ते ओरडून सांगू लागली. म्हातारा ओरडला. लाटव्हियाचे दोघे त्याच्यावर ओरडले. सगळं रशियन भाषेत. आयुष्यभर रशियाबद्दल बोललेल्या उपेंद्रला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तो आपला "कॉम्रेड्स, कॉम्रेड्स" म्हणत होता, आणि दर वेळी दोन्ही बाजू वळून त्यालाच शिव्या देत होत्या. भाव तेवढा कळत होता.

शेवटी अकॉर्डियनवाल्या बाईने ते वाजवायला काढलं. म्हातारा आणि युक्रेनची बाई भांडायचे थांबले, कारण गाणं दोघांनाही येत होतं. खुर्च्या भिंतीला लागल्या. रोहिणीने डबे उघडले आणि ते वडे पाहता पाहता संपले. प्रोजेक्टर बंद करायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे नाचणाऱ्यांच्या पाठींवर लेनिनची दाढी, कुणाच्या खांद्यावर ट्रॉट्स्कीचा चष्मा, असे ते पुढारी तुकड्या-तुकड्यांनी हॉलभर फिरत राहिले. मिसेस गेरटींनी उपेंद्रचा हात हातात घेतला. "काय सुंदर कार्यक्रम! दर वर्षी करा. फक्त सुरुवातीचं बोलणं जरा कमी."

दुसऱ्या दिवशी दानुतेने रोहिणीला शांतपणे सांगितलं, की हा आठवडाभर ती अश्लेषाला बघेल, पुढे नाही. मुलीबद्दल काही नाही. पण त्या घरी रोज 'हॅलो' म्हणणं तिला जमणार नाही.

रोहिणी ओरडली नाही. ओरडली असती तर उपेंद्रला प्रतिवाद करता आला असता. ती फक्त म्हणाली, "अलका चौकापर्यंत एक काठी धरलीस, ती वीस वर्षं ऐकतोय आम्ही. समोर राहणाऱ्या बाईला तुझं काय झालं, घर कुठलं, आई कुठे असते, हे तीन वर्षांत एकदा तरी विचारलंस?"

"तिचं जे झालं त्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण सिद्धांत म्हणून..."

"दूध संपलंय," रोहिणी म्हणाली. "आणि सोमवारपासून शाळेत तू जायचंस."

सोमवारपासून उपेंद्र दुपारी सिटीवेस्टहून निघून, टोलपुलावरच्या गर्दीत अडकून, शाळेच्या फाटकाशी पोचायला लागला. पोचेपर्यंत बाकीची मुलं घरी जाऊन जेवलेली असत. एकदा वेळेवर पोचला, तर तो फाटकात उभा राहून, कानाला फोन लावून, अमेरिकेतल्या साहेबाला प्रकल्प का लांबला ते समजावत होता. हातवारे करत, आयांच्या घोळक्यात, पावसात.

"डॅड," अश्लेषा गाडीत बसल्यावर म्हणाली, "आय अ‍ॅम स्कार्लेट फॉर यू."

स्कार्लेट म्हणजे तुझ्यामुळे मला लाजेने लाल व्हायला होतंय, हा तिकडच्या पोरांचा शब्द. लाल रंगाचं एवढं कौतुक केलेल्या माणसाला घरातून मिळालेला हा पहिला लाल किताब. मग ती इंग्रजीतच पुढे म्हणाली, की तिला दानुतेकडे जायचंय. स्वेटरची एक बाही अजून राहिलीय.

त्या बाहीने उपेंद्रला हलवलं. सिद्धांताने नव्हे.

शनिवारी तो फराळाचं ताट घेऊन रस्ता ओलांडून गेला. खिशात नव्हे, पण डोक्यात तीन मुद्दे तयार होते. पहिला, व्यक्तिगत दुःखाचा आदर. दुसरा, ऐतिहासिक दृष्टीची गरज. तिसरा, या दोहोंचा समन्वय. दानुतेने दार उघडलं, ताट घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवून दिलं. बस म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. तो ओट्याजवळ उभा राहिला.

"माझी आई परत आली तेव्हा विशी ओलांडलेली होती," बटाटे किसता किसता दानुते म्हणाली. "आजी तिकडेच राहिली. जमिनीत. आईच्या घरी दारामागे अजून एक बॅग भरलेली असते. गरम कपडे, साबण, सुई-दोरा. दर वर्षी थंडीच्या आधी ती बॅग उघडून कपडे घालून बघते. ती जाडी झाली तेव्हा मोठे घातले. आता वाळली, तर पुन्हा लहान."

किसणीचा आवाज चालू राहिला. उपेंद्रने पहिला मुद्दा शोधला. तो होता तिथे नव्हता. दुसरा सापडला, पण तो त्या स्वयंपाकघरात उच्चारायला त्याची जीभ उचलली नाही.

"सॉरी," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या वैचारिक वाचनात कुठेच आला नव्हता, त्यामुळे उच्चार जरा अडखळला.

"कशाबद्दल?"

"त्या स्लाइडबद्दल."

"कुठल्या?"

"तू गेल्यावर मी पुढची लावली, ती."

दानुतेने किसणी खाली ठेवली. मग म्हणाली, "सोमवारी पाठव मुलीला. ख्रिसमसला आई येतेय. तुम्ही जेवायला या. पण तिच्यासमोर एक अक्षर बोललास, तर ताट तुझ्या डोक्यावर उपडं करीन."

डिसेंबरात ते जेवायला गेले. निघताना रोहिणीने त्याला पुन्हा बजावलं. आई म्हणजे बुटकी, पाणीदार डोळ्यांची, खणखणीत आवाजाची बाई निघाली. लिथुएनियन भाषेत ती अखंड बोलत होती आणि दानुते भाषांतर करत होती. डब्लिनच्या बस, इथल्या बीटची चव, गुडघे. मग पाहुणे भारतातले असं कळल्यावर तिचा चेहरा उजळला. सैबेरियात असताना शेतावरच्या सभागृहात एकदा हिंदी सिनेमा दाखवला होता. बर्फातून चालत सगळ्या मुली गेल्या, आणि कुणाचं काय चाललंय ते न कळताही शेवटपर्यंत रडल्या.

उपेंद्र ताठ झाला. भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संबंध हा त्याचा हातखंडा विषय. इतका वेळ मुकाट्याने बीट चावणाऱ्या त्या माणसाच्या घशाशी सनावळ्या, करार, शिष्टमंडळं सगळं एकदम दाटून आलं. त्याने तोंड उघडलं. टेबलाखाली रोहिणीची टाच त्याच्या पायावर बसली. त्याने बीटचा आणखी एक तुकडा तोंडात कोंबला आणि मान डोलावली. डोळ्यांत पाणी आलं. पाय खरंच दुखला होता.

म्हातारीने ते पाणी पाहिलं. ती उठून आली, उपेंद्रचा गाल तिने दोन बोटांत धरून हलवला आणि मुलीला काहीतरी सांगितलं. दानुतेने भाषांतर करायला सुरुवात केली, पण तिला हसू आवरेना, आणि तिला तसं कधी कुणी पाहिलंच नव्हतं.

"काय म्हणतात?" रोहिणीने विचारलं.

"म्हणते," दानुते डोळे पुसत म्हणाली, "तुझा नवरा फार समंजस आहे. इतकं कमी बोलणारा पुरुष तिने आयुष्यात पाहिला नाही."